वरणाचं पाणी नको, वरण द्या

बाळाला सहा महिने होत आले की घरात प्रश्न येतो, ‘वरचं काय सुरू करायचं?’ बहुतेक घरांत उत्तर तयार असतं: वरणाचं पाणी. कुकर उघडायचा, डाळीवर साचलेली निवळ वाटीत काढायची आणि चमच्याने पाजायची. मग भाताची पेज येते, मग मुगाचं कढण, मग चमच्यावरून धार लागेल असं नाचणीचं सत्त्व. सगळं घरचं, ताजं, मायेने केलेलं. तरीही याच दोन-तीन महिन्यांत अनेक बाळांचं वजन रेंगाळतं, आणि घरातले म्हणतात, ‘खातं तर चांगलं, मग अंगाला का लागत नाही?’

खाल्लेलं बरंचसं पाणीच होतं, म्हणून. घरी केलेलं अन्न बाळासाठी उत्तम असतं, पण घरचं आहे एवढ्याने ते पुरेसं होत नाही. ते दाट हवं, त्यात स्निग्ध पदार्थ हवा आणि लोह हवं. या तीन गोष्टी सांभाळल्या तर बाजारातल्या डब्याची गरज बहुतेक घरांत पडणार नाही.

पोट लहान, गरज मोठी

साधा हिशेब मांडू. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिली मावतं. म्हणजे ७ किलोच्या बाळाच्या पोटाची मर्यादा २०० मिलीच्या आसपास. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे ६०० उष्मांक लागतात. अंगावरच्या दुधातून त्यातले ४०० मिळतात, उरलेले २०० वरच्या अन्नातून मिळायला हवेत. नऊ ते अकरा महिन्यांत हा वरचा वाटा ३०० होतो आणि वर्षानंतर साडेपाचशेपर्यंत जातो.

वरणाच्या वरच्या निवळाने वाटी भरली तर पोट भरतं, उष्मांक मात्र नावापुरते मिळतात. शिवाय पोट पाण्याने भरलेलं बाळ अंगावर कमी पितं, म्हणजे दुहेरी तोटा. याउलट ४० ग्रॅम डाळ-तांदूळ मऊ शिजवून त्यात दीड चहाचा चमचा तूप घातलं की २०० उष्मांक होतात. हे अन्न दोन-तीन वेळांत विभागून त्या छोट्या पोटात सहज मावतं.

पारख सोपी आहे. अन्न चमच्यात घ्या आणि चमचा थोडा तिरका करा. अन्न जागेवर राहिलं तर दाटपणा बरोबर आहे. पाण्यासारखं वाहून गेलं तर अजून आटवा किंवा त्यात घोटलेली डाळ घाला.

मुहूर्त आणि वय

सहा महिने पूर्ण, म्हणजे जन्मापासून १८० दिवस, ही सुरुवातीची योग्य वेळ. तोपर्यंत आईचं दूध पुरतं, पाणीसुद्धा लागत नाही. बाळ वरच्या दुधाच्या पावडरीवर असलं तरी वय हेच. मान धरणं, आधाराने बसणं, आपल्या ताटाकडे हात नेणं आणि चमचा तोंडात गेल्यावर तो जिभेने बाहेर न ढकलणं, ही तयारीची लक्षणं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची वेळ मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा.

उष्टावण करताना आपल्याकडे मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करण्याची रीत आहे. पाचव्या महिन्याचा मुहूर्त निघाला तर सातव्यात करा. सातवा महिना लागतो तेव्हा सहा पूर्ण झालेले असतात. मुलाचं उष्टावण आठव्यात ठरलं तर त्यासाठी अन्न अडवून ठेवू नका. जेवण १८० दिवसांनी सुरू करा, समारंभ सोयीने होऊ द्या. मामाच्या मांडीवर बसवून खीर भरवताना ती ओठांना लावण्यापुरती असू द्या, आणि त्यात मध अजिबात नको. त्याचं कारण पुढे येतंच.

पहिले पंधरा दिवस

सुरुवात सकाळी करा. बाळाची झोप झालेली असावी, ते फार भुकेलेलंही नसावं. थोडं दूध पाजून अर्ध्या तासाने बसवा. पहिल्या दिवशी दोन-तीन चहाचे चमचे खूप झाले. मऊ भात आणि मुगाचं घट्ट वरण एकत्र घोटून, आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घालून थोडं सैल करा. दोन-तीन दिवस तेच द्या, मग लाल भोपळा, मग रताळं, मग कुस्करलेलं केळं. नवीन पदार्थ एका वेळी एकच द्यावा, म्हणजे पुरळ किंवा उलटी झालीच तर कशामुळे ते कळतं. मात्र एकेका पदार्थावर आठवडा घालवायचं कारण नाही. पंधरा दिवसांत बाळाच्या जिभेला सात-आठ चवी ओळखीच्या व्हायला हरकत नाही.

या दिवसांत शी बदलते. ती घट्ट होते, वास येतो, गाजर-भोपळ्याचा रंगही दिसतो. बाळ खेळत असेल तर काळजी नको. आता पाणीही सुरू करा, पण छोट्या पेल्याने घोट-घोट आणि जेवणाबरोबर. बाटली आणू नका. ती नीट धुतली जात नाही आणि तिच्यातून दिलेलं अन्न पातळच करावं लागतं.

किती द्यायचं, हे वाटीवर सांगतात, पण वाटी कोणती हे सांगत नाहीत. आहाराच्या तक्त्यांतली वाटी २५० मिलीची असते. घरातली आमटीची वाटी बऱ्याचदा १५० मिलीचीच भरते. एकदा पाणी मोजून ओता आणि खूण लक्षात ठेवा. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन जेवणं, दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून वाढवत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा अर्धी वाटी आणि मध्ये एखादा खाऊ. वर्षानंतर तीन-चार वेळा पाऊण ते एक वाटी. अंगावर पाजणं दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवता येतं.

रोजचा कणा: गुरगुट्या खिचडी

तीन मोठे चमचे तांदूळ आणि एक मोठा चमचा सालीशिवायची मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरच्या छोट्या भांड्यात ३०० मिली पाणी, चिमूटभर हळद आणि भोपळ्याच्या किंवा गाजराच्या दोन-तीन फोडी घालून पाच-सहा शिट्ट्या करा. वाफ जिरली की डावाने घोटा. गाळायचं नाही. गाळणीत जो चोथा राहतो तोच पोषणाचा मोठा भाग असतो. शेवटी जेवणामागे एक चहाचा चमचा तूप किंवा तेल आणि लिंबाचे दोन-चार थेंब. एवढ्यात दोन वेळचं होतं.

तांदूळ आणि डाळ एकत्र घेण्याला कारण आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन हे अमायनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनीन कमी पडतं, ते तांदूळ भरून काढतो. म्हणून नुसता भात किंवा नुसतं वरण देण्यापेक्षा दोन्ही घोटून द्या. ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरांत ज्वारीच्या कण्या आणि तूरडाळ चालते, कोकणात उकड्या तांदळाचा मऊ भात चालतो. पेज द्यायची तर शितं मोडून, घोटून, दाट द्या. वरची निवळ मोठ्यांनी प्यावी.

स्वतंत्र स्वयंपाकाला वेळ नसेल तर घरच्या वरणातून, कोणत्याही रसभाजीतून फोडणी, मीठ आणि तिखट पडण्याआधी बाळाचा वाटा काढून ठेवा. नोकरीवर जाणाऱ्या आईला आणि दोन बाळं सांभाळणाऱ्या आजीला हीच सवय सर्वांत टिकणारी.

प्रवासासाठी किंवा पाळणाघरासाठी कोरडं मिश्रण करून ठेवता येतं. तीन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ वेगवेगळी धुऊन सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर वेगवेगळी भाजा, एकत्र दळा. दोन-तीन आठवडे पुरेल इतकंच करा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन मोठे चमचे पीठ दीडशे मिली गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि सतत ढवळत आठ-दहा मिनिटं शिजवा. नुसतं गरम पाणी ओतून हे पीठ देऊ नका, ते कच्चं राहतं.

नाचणी: सत्त्वापेक्षा पीठ बरं

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रोजच्या धान्यांत एवढं कशातच नाही. म्हणून नाचणी जरूर द्यावी. प्रश्न तिच्या सत्त्वाचा आहे. सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, वाटतो, फडक्यातून गाळतो, खाली बसलेला पांढरा साका वाळवतो आणि चोथा टाकून देतो. साका म्हणजे मुख्यतः पिष्ट. कोंड्यातला तंतू आणि खनिजांचा मोठा हिस्सा चोथ्याबरोबर जातो. सत्त्व पचायला हलकं असतं हे खरं, पण सहा महिने पूर्ण झालेल्या निरोगी बाळाला मोड आणलेल्या नाचणीचं बारीक पीठ पचतं.

पाव किलो नाचणी चार-पाच पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवा. ओल्या सुती फडक्यात बांधून दिवस-दीड दिवस ठेवा, मधूनमधून पाणी शिंपडा. बारीक पांढरे मोड दिसले की पसरून पूर्ण वाळवा, मंद आचेवर हलकं भाजा, दळा आणि बारीक चाळणीने चाळा. मोड आणल्याने धान्यातलं फायटेट कमी होतं. फायटेट लोह आणि झिंक अडवून धरतं, ते कमी झालं की ही खनिजं शरीरात जास्त शोषली जातात.

मोडांचा आणखी एक उपयोग आहे. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज हे विकर तयार होतं, आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. नाचणीच्या पिठाची दाट खळ करायला जावं तर ती चिकट होते, बाळाला गिळवत नाही. पाणी घालून सैल करावी तर पोषण पातळ होतं. या अडचणीवर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बरंच काम केलं. घरी करायचं ते इतकंच: मोडाचं थोडं पीठ न भाजता वेगळं ठेवा. दाट खळ शिजवून उतरवा, हाताला गरम लागेल इतपत निवू द्या आणि त्यात अर्धा चमचा हे पीठ घालून पाच मिनिटं ढवळा. पाण्याचा थेंब न घालता खळ सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढा, म्हणजे कच्च्या पिठातले जंतू मरतात. वाटी तेवढीच, पण पीठ दुप्पट.

लोहाची बाजू

घरच्या जेवणाची सर्वांत कच्ची बाजू ही आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतः लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. त्यानंतर ते अन्नातूनच यायला हवं, आणि मेंदू झपाट्याने वाढत असतो तो हाच काळ.

नाचणीत भरपूर लोह असतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात १०० ग्रॅममध्ये ते चार-पाच मिलिग्रॅम असतं. बाळ दिवसाला वीस ग्रॅम नाचणी खाईल, म्हणजे लोह एक मिलिग्रॅमच्या आत, आणि त्यातलंही थोडंच शोषलं जाणार. पालकाचंही तसंच. म्हणून शाकाहारी घरात डाळ, उसळीची घोटलेली कडधान्यं आणि पालेभाजी रोज द्या, आणि प्रत्येक वेळी सोबत आंबट काहीतरी: लिंबू, आवळ्याचा रस, पेरूचा बिया काढलेला गर, टोमॅटो. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह कितीतरी चांगलं शोषलं जातं. लोखंडी कढईत टोमॅटो घातलेली भाजी शिजवली तर थोडी भर पडते. चहा मात्र लोह अडवतो. बशीतून चहा चाखवण्याचं कौतुक थांबवा.

सामिष खाणाऱ्या घरांनी सहा महिन्यांनंतर अंडं, मासे आणि मटण-चिकन द्यायला वर्षाची वाट पाहू नये. चिकनचा खिमा पूर्ण शिजवून खिचडीत घोटा. नीट शिजवलेली कलेजी आठवड्यातून एकदा, एक-दोन चहाचे चमचे. तिच्यात अ जीवनसत्त्व खूप असतं, म्हणून त्याहून जास्त नको. पापलेट किंवा रावस वाफवून, बोटांनी चाचपून प्रत्येक काटा काढून द्या. मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळा, त्यांच्यात पारा साठलेला असतो.

एवढं करूनही लोह कमी पडू शकतं. म्हणूनच ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८च्या कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप देण्याची तरतूद आहे. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात चौकशी करा आणि डॉक्टरांना सांगून सुरू करा. शी काळी होईल, ते अपेक्षितच आहे. डॉक्टरांनी जन्मापासून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंबही वरचं अन्न सुरू झालं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

अंडं आणि शेंगदाणे: उशीर नको

‘बाधेल’ या भीतीने अंडं आणि शेंगदाणे वर्ष-दोन वर्षं लांबवण्याची पद्धत होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात उलट दिसलं. अॅलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित मिळाले, त्यांच्यात शेंगदाण्याची अॅलर्जी खूप कमी आढळली. तेव्हा भाजून, सालं काढून, अगदी वस्त्रगाळ केलेलं शेंगदाण्याचं कूट पाव चमचा दह्यात किंवा खळीत कालवून द्या. अंडं पूर्ण उकडून, पांढरं-पिवळं दोन्ही कुस्करून द्या. पहिली वेळ सकाळची असावी आणि पुढचे दोन तास बाळ नजरेसमोर असावं. तोंडाभोवती गांधी, वारंवार उलट्या, ओठ सुजणं, श्वास घरघरणं यांपैकी काही दिसलं तर पदार्थ थांबवून डॉक्टरांना गाठा. श्वासाला त्रास होत असेल तर वाट न पाहता १०८ला फोन करा. बाळाला तीव्र इसब असेल किंवा कशाची अॅलर्जी आधीच दिसली असेल तर शेंगदाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

मिक्सर कधी बाजूला ठेवायचा

दाटपणा जितका महत्त्वाचा, तितकाच पोत. सातव्या महिन्यात घोटलेलं, आठव्यात काट्याने जाडसर कुस्करलेलं, नवव्या-दहाव्यात बारीक तुकड्यांचं, वर्षाला घरातलंच जेवण थोडं मऊ करून. दहा महिन्यांपर्यंत गाठीचं, तुकड्यांचं अन्न न मिळालेल्या मुलांना पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त असतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. मिक्सरमधून गुळगुळीत करून दिलेलं बाळ भराभर गिळतं, पण चावायला शिकत नाही. दात आले नाहीत म्हणून थांबायची गरज नाही, हिरड्या चांगल्याच कामाच्या असतात.

आठव्या महिन्यापासून हातात धरता येईल असं द्या: दोन बोटांत चिरडेल इतकी वाफवलेली गाजराची काडी, इडलीचा तुकडा, घावन, पिकलेल्या पपईची फोड, पनीरची पट्टी, तुपावरच्या मऊ पोळीचा तुकडा. चटईवर जुनं धुडकं पसरा आणि सांडू द्या.

तुकडा मागे गेला की बाळ ओकारी काढतं, खोकतं, डोळ्यांत पाणी येतं. आवाज येतोय म्हणजे हवा जातेय. शांत राहा, ते स्वतःच बाहेर काढेल. आवाज बंद, चेहरा निळसर, रडता येत नाही, ही गुदमरण्याची खूण. वर्षाच्या आतल्या बाळाला लगेच हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा, मग पुन्हा थापा. तोवर दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो.

ही वेळ येऊ नये म्हणून अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, डाळिंबाचे दाणे, गोल द्राक्षं, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाच्या फोडी आणि खोबऱ्याचे तुकडे बाळाच्या हाती लागू देऊ नका. भरवताना बाळ बसलेलं असावं. झोपवून किंवा मांडीवर आडवं करून भरवण्याची सवय मोडा.

काय द्यायचं नाही

मध वर्षभर नको, चाटणापुरताही नको. त्यात क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, बाळाच्या वाढतात आणि स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. शिजवल्याने हे बीजाणू मरत नाहीत.

मीठ वर्षभर वेगळं घालू नका. बाळाची मूत्रपिंडं अजून परिपक्व नसतात, आणि दूध-अन्नातून लागेल तेवढं मीठ मिळतं. ‘अळणी कसं खाईल?’ हा प्रश्न आपल्या जिभेचा आहे. बाळाला खारटाची आठवणच नाही.

साखर दोन वर्षांपर्यंत नको, आणि गूळ-खडीसाखरेलाही हेच लागू. गोडी हवी तर केळं, चिकू, कुस्करलेला खजूर आहेत. दुधात बुडवलेलं बिस्किट हा अनेक घरांतला ‘हलका’ खाऊ म्हणजे मैदा, साखर आणि तेल. पोट भरतं, जेवणाची भूक जाते.

गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षाच्या आत नको. त्यात लोह फार कमी असतं. खळीत थोडं दूध किंवा ताजं घरचं दही मात्र चालतं. फळांचे रसही नकोत, फळच कुस्करून द्या.

बाळगुटीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सहाणेवर उगाळलेल्या जायफळ-वेखंडाच्या वेढ्यांचं मोजमाप नसतं. सहाण, पाणी, हात यांतून जंतू जातात ते वेगळंच. बाळ शांत झोपतं ते जायफळाच्या गुंगीने झोपत असू शकतं. घरातल्या मोठ्यांचा मान राखूनही याला नको म्हणता येतं. डॉक्टरांनी मनाई केली आहे असं सांगितलं की आजीशी वाद होत नाही.

हात, भांडी, फ्रीज

वरचं अन्न सुरू झालं की जुलाबही सुरू होतात, आणि त्याचा दोष दातांवर जातो. दोष बहुतेक वेळा हातांचा आणि भांड्यांचा असतो. शिजवण्याआधी, भरवण्याआधी आणि बाळाची शी धुतल्यावर साबणाने हात धुवा. बाळाचेही धुवा. वाटी-चमचा स्टीलचा, कोपरे नसलेला असावा आणि त्याला वेगळी जागा द्या.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रीजमध्ये झाकून एक दिवस चालतं. गरम करताना आतपर्यंत वाफ यायला हवी, आणि तेही एकदाच. भरवायच्या वाटीत थोडंच घ्या. ज्या वाटीत बाळाचा उष्टा चमचा गेला, ती उरली तर टाका, कारण लाळेबरोबर जंतू आणि विकरं अन्नात जातात. घोटलेला भोपळा, गाजर, डाळ बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली तर सकाळची घाई वाचते. भारनियमनाच्या गावांत मात्र फ्रीजवर विसंबू नका. तिथे कोरडं मिश्रण आणि ताजं शिजवणं हाच खात्रीचा मार्ग.

बाळ तोंड फिरवतं तेव्हा

नवीन चव पहिल्यांदा थुंकणं म्हणजे नावड नव्हे. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा चाखल्यावर बाळ तो स्वीकारतं. दोन दिवस थांबून पुन्हा द्या. तोंड मिटलं, मान वळवली, चमचा ढकलला की जेवण संपलं, असं समजा. नाक दाबून, हात धरून भरवू नका. मोबाइल लावून भरवलेलं बाळ किती खातंय हे त्यालाच कळत नाही, आणि पोट भरल्याची खूण ओळखायला ते शिकत नाही. त्याला घरच्यांच्या पंगतीत बसवा. इतरांना चावताना पाहून ते जास्त शिकतं.

ताप-जुलाबात अन्न बंद करण्याची जुनी सवय सोडा. अंगावर जास्त वेळा पाजा, मऊ अन्न थोडं-थोडं पण अनेकदा द्या. जुलाब असतील तर ओआरएस द्या, आणि झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, म्हणजे घटलेलं वजन भरून येतं. बाळ सुस्त पडलं, लघवी कमी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा ते काहीच पीत नसेल, तर घरी प्रयोग न करता दवाखाना गाठा.

दुकानातल्या डब्यांबद्दल एवढंच. आपल्याकडे १९९२चा कायदा आहे आणि २००३च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालील मुलांच्या अन्नाची जाहिरात करायला बंदी आहे. तरीही कुणी नमुने किंवा भेटवस्तू पुढे केल्या तर नाकारा. प्रवासात डबा वापरावाच लागला तर घटकांची यादी वाचा. त्यात साखर असेल तर तो ठेवून द्या. पण अशा डब्यांत मुद्दाम घातलेलं लोह असतं, हेही लक्षात घ्या आणि आपल्या खिचडीत त्याची भरपाई करा.

शेवटी, आपलं चाललंय ते बरोबर की चूक, हे शेजारच्या गुटगुटीत बाळाकडे पाहून ठरत नाही. दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करा आणि माता-बाल संरक्षण कार्डातल्या आलेखावर ठिपका मांडून घ्या. बहुतेक बाळांचं वजन पाचव्या-सहाव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. रेघ वर चढत असेल तर एखाद दिवशी उरलेल्या वाटीची चिंता सोडा. रेघ लागोपाठ दोन महिने आडवी राहिली तर आधी वाटीतलं पाणी कमी करा, तूप आणि डाळ वाढवा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.